नर्सबाईंनी अडवलेली शर्यत

"पोट दाखव," असं त्या कुणालाही म्हणत.

तान्हं बाळ हातात आलं की आमच्या नर्सबाई आधी त्याच्या तळपायाला हाताची मागची बाजू लावायच्या, मग पोटाला. पाय गार आणि पोट गरम असलं तर टोपडं घालून बाळ आईकडे द्यायच्या. पोटही गार लागलं तर मात्र लगेच बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवून वरून गोधडी गुंडाळायच्या. ही सवय इतकी अंगात मुरली होती की मोठ्यांचीही सुटका नसे. आमचे मुख्याध्यापक एकदा तापाची गोळी मागायला गेले, तर त्यांनाही "पोट दाखवा, सर" ऐकावं लागलं. त्यांनी शर्टाचं एक बटण काढलं, खोकले, आणि गोळी न घेताच परत आले.

त्या वर्षांत तुम्ही गडचिरोलीकडच्या एखाद्या लहान गावात राहिला असाल तर अशा बाई तुम्हीही पाहिल्या असतील. पांढरी साडी, हातात पत्र्याची पेटी. आमच्या बाई पोंभुर्ण्याकडच्या, बौद्ध घरातल्या. नवरा लवकर गेला, तेव्हापासून उपकेंद्राच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. गावातली एकही बाई त्यांच्याशिवाय बाळंत होत नसे, आणि तरीही काही घरांत त्यांना कुणी पाणी विचारत नसे. त्या घरांत त्या स्वतःची बाटली घेऊन जात. कधी कुरकुर केली नाही. बाळाचं पोट तिथेही तितक्याच मायेनं बघत.

मी शाळेत व्यायामशिक्षक होतो आणि दर सव्वीस जानेवारीला निघणाऱ्या डोंगरधावेचा चिटणीस. मैदानापासून जंगलवाटेनं डोंगराचा माथा, माथ्यावरच्या जुन्या चौकीपासून पलीकडे उतार, मग डांबरी सडकेनं परत मैदान. एकूण बत्तीस किलोमीटर. चौकीवर पाणी असायचं आणि तिथं बाई बसायच्या.

त्या वर्षी तीन दिवस आभाळ दाटून होतं. आदल्या दुपारी मी मैदानात चुना मारून घेत होतो, तेव्हा बाई आल्या.

"सर, उद्या नका पळवू पोरं."

"पाऊस कुठं आहे, बाई?"

"इथी नाई. तिकडं पाहा." डोंगराचा माथा दिसत नव्हता. "या आठवड्यात दोन लेकरं माह्या हातात गार पडली. घरात होती, गोधडीत होती. हे तं बनियनवर जाऊन राह्यले."

मी हसलो. "आपल्याकडे माणूस उन्हानं मरतो, बाई. थंडीनं कोण मरतो?"

"मंग मले तणस पाह्यजे," त्या म्हणाल्या. "आन बारदाना. भेटन तेवढा."

पाण्याचे ड्रम घेऊन चौकीकडे निघालेल्या बैलगाडीवर त्यांनी धानाचं तणस, म्हणजे सुका पेंढा, लादलं आणि राइस मिलमधून मागून आणलेली रिकामी पोती. वर जनावरं बांधायची आहेत का, असं लोकांनी विचारलं. मीही हसणाऱ्यांत होतो.

सकाळी झिमझिम होती. वारा सुटला होता आणि सागाची मोठी वाळकी पानं मैदानभर फरफटत होती. पाखरांचा आवाज नव्हता. जिल्ह्याहून आलेले पाहुणे मंडपात शाली पांघरून बसले होते. शर्यत पुढं ढकलावी असं एकदा मनात आलं. पण पाहुणे पुन्हा येणार नव्हते. शिट्टी मीच वाजवली.

एकेचाळीस जण पळाले. त्यांत पिवळ्या बनियनचा एक विशीतला पोरगा होता, माजरीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीतून आलेला. पायात नवे कॅनव्हासचे बूट. "सर, बक्षीस आजच भेटते ना? मले संध्याकाळच्या गाडीनं जाचं आहे," असं त्यानं मला दोनदा विचारलं होतं.

तासाभरानं गारा पडल्या. मंडप बसला. गारा थांबल्या तरी पाऊस थांबेना आणि वाऱ्याला धार आली. पहिला गडी साडेदहापर्यंत सडकेवर दिसायला हवा होता. अकरा झाले, साडेअकरा झाले. सडक ओली आणि रिकामी. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. मी कोट चढवला आणि डोंगराकडे निघालो.

वाटेवर पाणी वाहत होतं. सागाच्या पानांत गारांचे ढीग तसेच पांढरे पडून होते. एका वळणावर तीन पोपट मरून पडलेले दिसले. वर चढताना मी हाका मारत होतो आणि एकाही हाकेला उत्तर येत नव्हतं. उतरून येणारं कुणी भेटावं, निदान एखादा लंगडत येणारा तरी, असं वाटत होतं. कुणीच भेटलं नाही.

चौकीचं दार आतून लावलेलं होतं. ठोठावल्यावर ते उघडलं आणि धूर अंगावर आला. आत शेकोटी पेटलेली, आणि भोवती सगळे धावपटू पोत्यांत. गळ्यापर्यंत तणस, वर फक्त मुंडकी. जिल्ह्यातले नावाजलेले गडी बाजारात उतरवलेल्या मालासारखे ओळीनं मांडले होते. एरवी हसू आलं असतं. पण सगळ्या खोलीत दात वाजत होते, तो आवाज मी अजून विसरलो नाही. बाई एकेका पोत्यात हात घालत फिरत होत्या. "पोट. हां. तू बरा. पोट."

माझ्या तोंडून पहिलं जे निघालं त्याची मला आजही लाज वाटते. "बाई, शर्यत कुणी थांबवली?"

"मीनं."

"पाहुणे खोळंबलेत खाली."

"मंग त्याहीले वरती पाठवा. पोती आहेत अजून."

मग त्या मला दाराबाहेर घेऊन गेल्या आणि आवाज खाली आणला. "चाळीस आत आहेत, सर. एक गेला. पिवळ्या बनियनवाला. सगळ्यात आधी आला, तवा गारा नव्हत्या. कापत होता, हसत होता. म्हटलं, कापते म्हणजे अंगात जोर आहे. जाऊ देलं." त्यांनी उताराकडे पाहिलं. "चुकलं माह्यं."

त्यातल्या त्यात ऊब धरलेल्या एका गड्याला शेकोटीवर ठेवून आम्ही दोघं पलीकडच्या उतारानं निघालो. बाईंच्या खांद्यावर दोन पोती होती, पायात चपला. त्या घसरत होत्या, पण मागं पडत नव्हत्या.

मैलभर खाली तो सापडला. ऐनाच्या झाडाला टेकून बसला होता. बूट काढून बाजूला ठेवले होते. बनियनही काढून दगडावर ठेवला होता. अंगावर पाऊस पडत होता आणि तो जरासुद्धा कापत नव्हता.

"गरम होऊन राह्यलं, बाई," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. तो हसत होता.

बाईंनी त्याचा पाय पाहिला, मग पोट. "सर, कोट काढा. शर्ट काढा. त्याले पोटाशी घ्या."

मी कोट काढला. शर्टाच्या बटणाला हात लावला आणि थांबलो. त्याचे ओठ काळे पडले होते. मला तो मेल्यातच जमा वाटला, आणि मरणाऱ्या माणसाला उघड्या छातीशी धरायची मला भीती वाटली. बाईंसमोर उघडं व्हायची लाजही वाटली असेल. बाईंनी दोन श्वास वाट पाहिली असेल, जास्त नाही.

"कोट ठेवा इथी. जा, माणसं आणा, खाट आणा," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाठ करून त्यांनी पदर सोडला.

मी चौकीवरून गावातल्याच चौघा गड्यांना आणि तिथली खाट घेऊन परत आलो तेव्हा त्या झाडाला टेकून बसल्या होत्या. पोरगा त्यांच्या उघड्या छातीशी होता. दोघांभोवती साडी, कोट आणि पोती. त्या सारख्या बोलत होत्या. "झोपू नोको, बाबू. मायचं नाव सांग. मायचं नाव सांग ना." आणि त्याचे दात वाजत होते.

"कापून राह्यला," त्या आम्हाला म्हणाल्या. चेहऱ्यावर पाऊस होता, रडणं कळलं नसतं.

तिघांनी माना खाली घातल्या. चौथ्यानं घातली नाही.

पोरगा जगला. चार दिवस तालुक्याच्या दवाखान्यात राहिला आणि घरी गेला. पण संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर गोष्ट पोचली होती. विधवा बाई, परका पोरगा, जंगलात. पुढं ती गोष्ट टपरीवरून घराघरांत गेली, आणि ज्या घरांत बाईंना पाणी मिळत नसे तिथं तिला विशेष रंग चढला. स्पर्धा समितीच्या बैठकीत मला विचारलं, "दुसरा काही उपाय नव्हता का?" इतिवृत्त मीच लिहीत होतो. मी लिहिलं: "नर्सबाईंनी धावपटूवर प्रथमोपचार केले." त्याला पोटाशी घ्यायला आधी कुणाला सांगितलं होतं, ते लिहिलं नाही. शर्यत कायमची बंद झाली.

होळीच्या सुमारास बाईंच्या बदलीचा कागद आला, पार दूर टोकाला, सिरोंच्याकडे. मी भेटायला गेलो तेव्हा त्या ट्रंक बांधत होत्या.

"बाई, मी त्या दिवशी..."

"सर," त्या मधेच म्हणाल्या, "पाटलाच्या सुनेचे दिवस भरत आले. नवी नर्स येईपर्यंत तिले तालुक्याले पाठवा. उशीर नका करू." मग ट्रंकेचं कुलूप लावून पाहिलं, बसतं का ते.

पुढच्या हिवाळ्यात तो पोरगा आईला घेऊन शाळेत आला. आई बारीक, अंगावर पुरुषी स्वेटर. "कुठी आहेत त्या बाई? पाया पडाचं आहे." बदली झाल्याचं मी सांगितलं. ती बाकावर बसली.

"याले काईच आठवत नाई. तुम्ही होते ना तिथी, सर? काय झालं होतं?"

मी सांगितलं. शर्टाच्या बटणापाशी आलो तेव्हा थांबता आलं असतं, पण थांबलो नाही. तेवढं मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. पोरगा खिडकीबाहेर बघत होता. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमाले थंडी लागून राह्यली होती का, सर?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं पिशवी उचलली आणि विचारलं, "सिरोंच्याची गाडी कितीले आहे?"

"एकला. पोचायला अंधार होईल. आणि तिथून पुढं कोणतं गाव, ते मला माहीत नाही."

"विचारत जाऊ," ती म्हणाली.

मी स्टँडपर्यंत गेलो. गाडीत गर्दी होती. पोरगा उभा राहिला, आईला दाराजवळ जागा मिळाली. गाडी सुटली. खिडकीतून ती शेजारच्या बाईला काहीतरी विचारत होती आणि ती बाई मान नाही-नाही अशी हलवत होती.