लिफ्टच्या खात्यात पंपाचं बिल

मला चोर हवा होता. सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती आणि माझ्या पर्च्याचा, म्हणजे घरोघरी वाटायच्या पत्रकाचा, मथळा तयार होता: 'मेंटेनन्स कुणी खाल्ला?' मजकूर नंतर भरायचा. मोर्च्यांमध्ये मी हेच शिकले होते. आधी बोट दाखवायचं, मग कागद मागायचे. म्हणून खजिनदार काकांकडे जाऊन गेल्या वर्षाची सगळी बिलं मागितली.

काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, सरळ माणूस. त्यांनी बिलांची पिशवी टेबलावर ठेवली, वर चहाही पाजला. सकाळभर मी एकेक बिल छापील हिशोबाशी ताडून पाहिलं. प्रत्येक रुपयाला बिल होतं. कुणी काही खाल्लं नव्हतं. फक्त एका ठिकाणी हिशोबात 'लिफ्ट दुरुस्ती' अशी मोठी रक्कम होती आणि तिचं बिल होतं बोअरिंगच्या पंपाचं.

विचारलं, तर काकांनी न लाजता सांगितलं. मार्चमध्ये मोटर जळाली होती. पाण्याच्या हेडमधले, म्हणजे त्या खात्यातले, पैसे संपले होते, लिफ्टच्या हेडमध्ये उरले होते. वर्षअखेर होती, टाकलं तिथे. ऑडिटरही काही बोलला नाही.

"पैसा तर सोसायटीचाच ना, बेटा. फरक काय पडतो?"

फरक काय पडतो ते मला तिथे बसल्याबसल्या कळलं. दिवाळीच्या सुमारास लिफ्ट कंपनीचा मेकॅनिक लिहून देऊन गेला होता, की लोखंडी दोर झिजलेत, बदला. त्यावर मीटिंग झाली. सेक्रेटरींनी छापील हिशोब उघडून दाखवला. लिफ्टवर एवढा खर्च होऊन वर्ष झालं नाही आणि परत मागतात, ये कंपनीवाले लूटते हैं. सगळ्यांना पटलं. मेकॅनिकचा कागद फाइलला लागला.

म्हणजे दोर बदललेच नव्हते. ते फक्त हिशोबात दुरुस्त झाले होते. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट कित्येक महिने गचका देत होती आणि आम्ही भिंतीला हात लावून उभं राहायला शिकलो होतो. नवं काम आहे, बसेल हळूहळू, असं एकमेकांना सांगत होतो. त्याच लिफ्टमधून एक दिवसाआड माझ्या शेजारच्या मावशी पलासियाच्या दवाखान्यात डायलिसिसला जायच्या. चौथा मजला. त्यांना जिना जमत नाही.

मी तशीच सेक्रेटरींकडे गेले. दार उघडून ते आत बघत म्हणाले, "लो, पर्चेवाली आ गईं."

मी म्हटलं, हिशोब दुरुस्त करा, आजच. रक्कम लिफ्टमधून काढून पाण्यात दाखवा आणि लिफ्टचं काम झालेलं नाही हे सर्वांसमोर वाचा. त्यांचं म्हणणं, हिशोब पास झालाय, निवडणुकीआधी उघडला तर बदनामी होईल, अगले साल एडजस्ट कर देंगे. आवाज चढला माझा. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "लिफ्ट बंद केली, तर मावशी काय उडत जाणार का मॅडमजी?"

मी म्हटलं, आणि दोर तुटला तर? घरी येऊन मथळा बदलला: 'लिफ्टचे दोर बदललेले नाहीत. हिशोबात चुकीचं लिहिलं आहे.' कुणाचंही नाव नाही, एकही विशेषण नाही. माझ्या हातून निघालेला इतका कोरडा पर्चा तोच. तो लिफ्टच्या आतच चिकटवला. संध्याकाळपर्यंत लिफ्ट रिकामी आणि पार्किंगमध्ये मीटिंगला उभं राहायला जागा नाही.

दुरुस्ती काकांनी स्वतः वाचली. कुठली रक्कम कुठून काढली, कुठे टाकली, आणि का. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, तुम्ही पैसे खाल्ले असते तरी परवडलं असतं." कुणी हसलं नाही. लिफ्टला कुलूप लागलं. दोरांची ऑर्डर गेली, यायला वेळ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. खुर्चीच्या एका पायाशी सेक्रेटरी होते, घामाघूम. पहिल्याच वळणावर खुर्ची कलली. मावशींनी कठडा घट्ट धरला आणि म्हणाल्या, "हळू रे भिया, विसर्जनाला नेताय का मला?"

सगळे हसले. मीही. काका हसले नाहीत. जिन्यात अंग चोरून उभे होते. खुर्ची पुढच्या वळणाखाली गेल्यावर मी त्यांना म्हटलं, झालं ते झालं काका, एका वर्षाची चूक होती, निस्तरली.

"एका वर्षाची कुठे, बेटा. दर मार्चला असंच करत आलोय मी."

मग म्हणाले, "फायरच्या हेडमध्ये तर पैसे नेहमीच उरायचे."

आमच्या दोघांच्या मध्ये भिंतीवर आग विझवायचा लाल सिलिंडर लटकत होता. त्यावर धूळ होती. खालून मावशींचा आवाज येत होता, हळू, हळू. अजून दोन मजले बाकी होते. मी सिलिंडरवरची चिठ्ठी पुसून तो शेवटचा कधी भरला ती तारीख वाचायला लागले.