वाचून दाखवले, समजले

“सही करताना हात झिजतात का तुझे?” नवरा घास हातात धरून ओरडला. “अख्खं ऑफिस करतं!”

“करतं ना. म्हणून तर किळस येते.”

“जेवताना असलं काही बोलू नये,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी भाजी वाढून घेतली.

अकरा वर्षं ती समाजकल्याण कार्यालयात दुभाषी होती. डोंगरापलीकडच्या लोकांची भाषा तिला आईकडून आलेली. अर्ज ज्याचा त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा आणि तळाशी छापलेल्या ‘अर्जदारास वाचून दाखवले, समजले’ या ओळीखाली सही ठोकायची, हे तिचं काम. रांगा वाढल्या तशी साहेबांनी शक्कल काढली: सोमवारी सकाळीच शंभर कोऱ्या अर्जांवर तिच्या सह्या घेऊन ठेवायच्या. पहिल्या सोमवारी ती कुरकुरली. दुसऱ्या सोमवारी चहा पिता पिता उरकून मोकळी झाली.

आज खिडकीशी एक म्हातारी आली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. त्याला अंघोळ घालायला, कुशीवर वळवायला सरकारी मदतनीस यायची. म्हातारीने नुसती वेळ बदलून मागितली होती, सकाळऐवजी दुपारची. कारकुनाला तिचं बोलणं कळेना आणि दुभाषीला हाक मारायचा कंटाळा. हाताला लागला तो ‘सेवा बंद करावी’चा अर्ज भरून त्याने अंगठा घेतला. तेव्हापासून तीन आठवडे घराकडे कुणी फिरकलं नव्हतं.

“म्हाताऱ्याच्या पाठीला जखमा झाल्यात गं लेकी, वास मारतो,” म्हातारी म्हणाली. “हे ऑफिसवाले म्हणतात, मला समजावून सांगितलंय. कुणी सांगितलं?”

कागदाखाली तिचीच सही होती, ठसठशीत.

साहेब पान उलटत म्हणाले, “अंगठा आहे, सही आहे, आपण सुटलो. नवा अर्ज घ्या. सहा महिन्यांत नंबर लागेल.” कारकून दात कोरत हसला.

“वाचून दाखवलंच नाही, असं मी लिहून दिलं तर तो कागद रद्द होतो,” तिने आता नवऱ्याला सांगितलं. “मदतनीस पुन्हा त्यांच्याकडे जाऊ लागेल.”

“आणि तुला घरी बसवतील! साहेब राहतील नामानिराळे.”

“कोण लागते ती म्हातारी तुझी?” सासूबाईंनी विचारलं.

“कुणी नाही. तिने मला विचारलं, कुणी सांगितलं, आणि मी काय म्हटलं माहितीये? बघते, म्हटलं. सही माझी, आणि तोंड वर करून बघते म्हणाले!”

“मग? सगळेच म्हणतात,” नवरा म्हणाला.

समोरचा भात तिने तसाच टाकला. ताट उचलून तिने मोरीत नेऊन ठेवलं, हात साबणाने दोनदा धुतले आणि पदराला पुसत दारात उभी राहिली.

“उद्या दहा वाजता मी लिहून देणार आहे. कोऱ्या सह्यांचंही लिहिणार आहे. नोकरी गेली तर गेली.”