बरणीतली चिप

वानखडेसाहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले तेव्हा माझ्यासमोर वजनकाटा नव्हता. एका व्हिडिओ गेमचं पोट उघडून पडलं होतं.

"शैलाबाई, हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"साहेब, हा खेळ संथ करायचाय."

"संथ? अन् काहून? आपण काटे बनवतो ना?"

आम्ही काटेच बनवत होतो. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत साहेबांचा लहानसा कारखाना होता. कापसाच्या गाड्या ज्या मोठ्या काट्यावर चढतात, त्या काट्याचा आकडा दाखवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी आम्ही तयार करायचो. मी तिथं इंजिनीअर होते. साहेब तोंडानं फटकळ, पण एखादं यंत्र उघडं पडलेलं दिसलं की त्यांना राहवत नसे. त्यांनी स्टूल ओढलं.

"कोणाचं आहे हे?"

"आमच्या शेजारच्या सुमनताईंचं," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

सुमनताई सक्करदऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या. तेव्हा परगावी फोन लावायचा तर ट्रंक कॉल बुक करावा लागे. एक्सचेंजमध्ये ऑपरेटरच्या पुढ्यात भोकाभोकांचा उंच बोर्ड असे. दिवा पेटला की वायरची पिन उचलायची आणि नेमक्या भोकात खुपसायची. सुमनताईंचा उजवा हात ते काम न बघता करायचा. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, आणि त्यानंतर पोरीला शिकवायचंच, असा हट्ट धरला. घरातली पहिली सरकारी नोकरी सुमनताईंची. त्या बोर्डाबद्दल त्या अशा बोलायच्या की जणू त्यांच्यावाचून नागपूरचा आवाज शहराबाहेर गेलाच नसता.

थंडीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, चालणं आलं. उजवा हात मात्र परत यायचं नाव घेईना. उन्हाळ्याअखेर त्यांची रजा संपणार होती. मग मेडिकल बोर्ड हात तपासणार, आणि तो पिन उचलण्याजोगा नसेल तर नोकरी जाणार. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो त्यांनी दुसऱ्याच दिवशी गल्लीतल्या पोरांना देऊन टाकला.

"चेंडू दाबून काय होते वं?" त्या म्हणाल्या. "मी काय लिंबू पिळून राहिली?"

अशात त्यांचा भाऊ कुवेतहून आला. सुमनताईंकडेच राहणाऱ्या आपल्या मुलांसाठी त्यानं हा अमेरिकन खेळ आणला होता. टीव्हीला जोडायची एक पेटी, तिला एक दांडी, म्हणजे जॉयस्टिक, आणि पेटीत खुपसायची प्लॅस्टिकची डबी. त्या डबीला कार्ट्रिज म्हणतात. खेळ त्या कार्ट्रिजमध्ये असतो. हा खेळ असा होता: वर ढगावर एक टोपीवाला माणूस इकडेतिकडे पळत गोळे टाकतो, आणि खाली आपण होडी हलवून ते झेलायचे.

एका दुपारी मी सहज डोकावले. घरात दुसरं कोणी नव्हतं. सुमनताई पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात जॉयस्टिकवर होता. होडी जेमतेम हलली आणि खेळ संपला. त्यांनी डाव्या हातानं बटण दाबून पुन्हा सुरू केला. पुन्हा संपला. पुन्हा सुरू. मी दारातच थांबले. चेंडूला हात न लावणारी बाई ती!

मला पाहून त्या ओशाळल्या. मग म्हणाल्या, "हे गोळे लय भराभर पडून राहिले वं शैला. मी हात हलवीस्तोर खतम. तुले हे थोडं हळू करता येते का?"

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. कार्ट्रिज उलटीपालटी करून पाहिली.

"आतमधी काय आहे ते वाचलं का तुम्ही?"

"वाचतेय."

"मग मले काहून सांगितलं नाही?" म्हणाले आणि चष्मा बदलला.

कार्ट्रिजमध्ये एकच चिप होती. तिच्यात आकड्यांच्या रूपात अख्खा खेळ. आमच्याकडे काट्यांच्या चिप लिहिण्या-वाचण्याची साहेबांनी स्वतः बनवलेली पेटी होती. तिला आम्ही बर्नर म्हणायचो. ते आकडे छापायला मात्र आमच्याजवळ काट्याची पावती छापणारा चिमुकला प्रिंटरच होता. मग पावतीच्या अरुंद कागदावर तो खेळ बाहेर येऊ लागला. टेबलावरून खाली, खुर्चीखालून दारापर्यंत. कापूस मोजायच्या कागदावर अमेरिकेतल्या कोणाचं तरी डोकं छापून येत होतं.

आता मला तेव्हा काय वाटलं ते सांगते. त्या चिपमध्ये जागा होती चार हजार अक्षरांची. तुम्ही हा लेख वाचताय ना, त्याच्या निम्मीही नाही. तेवढ्यात ढग, माणूस, होडी, गोळे, आवाज, गुण मोजणं, सगळं होतं. काट्याचा एक आकडा नीट दाखवायला आम्हाला जवळजवळ तेवढी जागा लागायची, आणि ती पुरत नाही म्हणून मी कुरकुर करायचे.

पहिल्यांदा मी चित्र शोधलं. आकडे आलेखाच्या कागदावर मांडले. एक असेल तिथं चौकोन रंगवायचा, शून्य असेल तिथं कोरा सोडायचा. रंगवता रंगवता टोपीवाला उमटला, पण डोकं खाली, पाय वर. मला वाटलं, माझंच चुकलं. साहेबांनी कागद उलटासुलटा फिरवून पाहिला. मग डेटा बुक, म्हणजे चिपची माहितीपुस्तिका, काढून त्यांनी खेळातल्या आज्ञा ताडून पाहिल्या आणि टेबलावर थाप मारली.

"मुद्दाम उलटा ठेवला आहे त्यानं! उलटं ठेवलं की मोजणी शून्याकडे जाते. शून्य आलं हे यंत्राले आपोआप समजते. शून्य तपासायची एक आज्ञा वाचली, तेवढी जागा वाचली!"

एक आज्ञा वाचावी म्हणून त्या माणसानं चेहरा उलटा ठेवला होता. त्याचं नाव कुठंही नव्हतं. साहेब एरवी कोणाला चांगलं म्हणायचे नाहीत. त्या दिवशी ते त्या अनोळखी माणसाला उद्देशून "वा भाऊ, वा" म्हणाले.

वेग सापडायला जास्त दिवस गेले. गोळा एक पाऊल खाली येण्याआधी किती वेळ थांबायचं, हे सांगणारा एक आकडा होता. तो होता आठ. मी त्याचे बारा केले. झालं, एवढाच बदल! चार हजारांतला एक आकडा, आणि आकाशातून पडणारं सगळं दीडपट सावकाश येणार होतं.

बदललेला खेळ आमच्याकडच्या कोऱ्या चिपमध्ये लिहिला, कार्ट्रिजमध्ये बसवला. पडदा काळा. आमच्या चिपला जागं करायची खूण मूळ चिपच्या बरोबर उलटी होती. ती खूण उलटवणारा एक सुटा भाग मध्ये जोडला, आणि होडी दिसली.

सुमनताईंना मी तो चालवून दाखवला. त्यांनी पहिला गोळा झेलला, दुसरा झेलला आणि लगेच फर्माईश केली.

"वरतं हा टोपीवाला कोण आहे? याच्यावर मले राग येत नाही. तिथं आमची सुपरवायझर बसव."

"कशी दिसते?"

"चष्मा अन् अंबाडा. बस, तेवढीच आहे ती."

आठ चौकोनांच्या रुंदीत मी चष्मा आणि अंबाडा बसवला. अर्थात उलटा. आमच्याकडे प्रत्येक चिपची एक जोड करून ठेवायचा रिवाज होता, म्हणून दोन चिप लिहिल्या. एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.

सुपरवायझरबाईंनी ढगावरून गोळे टाकायला सुरुवात केली आणि सुमनताईंच्या घरातून शिव्या ऐकू यायला लागल्या. आई म्हणायची, "शेजारी भांडण होऊन राहिलं का वं?" काही आठवड्यांत त्यांची बोटं दांडीभोवती नीट वळायला लागली. मग त्यांनी भाजीची पिशवी उजव्या हातात घेतली. मग एक दिवस त्यांचा एकही गोळा सुटेना.

आता वेग वाढवायला हवा होता. एकदम मूळ आठवर जायची माझी छाती नव्हती. हरल्या तर जॉयस्टिक चेंडूच्या वाटेनं जाईल, आणि मेडिकल बोर्ड जवळ आलेलं. मी दहा ठरवले. मधली पायरी.

नेमका तेव्हाच आमचा चिप पुसायचा दिवा गेला. या चिपच्या पाठीवर एक छोटी खिडकी असते. तिच्यातून अतिनील किरणांचा दिवा दाखवला की लिहिलेलं पुसलं जातं आणि चिप पुन्हा कोरी होते. दिवा पुण्याहून यायचा होता. शिल्लक कोरी चिप नव्हती.

"डेटा बुकात लिहून आहे, उन्हातही पुसते," साहेब म्हणाले. "आठवडाभर ऊन पाहिजे म्हणते. अन् हे लिहिणाऱ्यानं नागपूर पाहिलं नाही."

मी जोडीतली माझी चिप घरी नेली. गच्चीवर आईच्या कुरडया वाळत होत्या. त्यांच्या शेजारी स्टीलच्या ताटलीत, खिडकी वर करून, चिप ठेवली. आईला सांगितलं की हिला ऊन दाखवायचंय. आई म्हणाली, "सोन्याची आहे का?" आठवड्यानं तिनं ती पदरानं पुसून माझ्या हातात दिली. मी तिच्यावर दहाचा खेळ लिहिला. लिहिलेलं परत वाचून बघायचं काम वेगळं असे. ते आम्ही करत नसू. काट्यावर चढवायची, चालली की झालं. खेळ चालला. सुमनताईंना दिला.

पहिल्याच डावात त्या सपशेल हरल्या.

"काय वं हे? ही तर पिसाळली!"

"थोडाच वाढवलाय, ताई."

"थोडा? तू खेळून पाहा."

मी खेळले आणि हरले. पण मी तशी कोणत्याही खेळात हरतेच, त्यामुळे शंका आली नाही. दोन-तीन दिवस शेजारून फक्त शिव्या आल्या. मग शिव्याही थांबल्या. तेव्हा मी घाबरले. जाऊन म्हटलं, "ताई, जुनी चिप लावून देऊ का?"

त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "हात नको लावू."

आणि मग एका संध्याकाळी त्यांनीच हाक मारली. "ये, बस इथं."

मी पडद्याकडे बघत नव्हते. त्यांच्या हाताकडे बघत होते. गोळे सुटत होते आणि तो हात आधीच तिथं पोचलेला असायचा. ताई हाताकडे बघत नव्हत्या. झटक्याआधी बोर्डासमोर असतील तशा ताठ बसल्या होत्या. डाव संपला, गुण खेळात मोजता येणाऱ्या शेवटच्या आकड्यावर जाऊन थांबले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "रडून काय राहिली? चहा टाक."

दुसऱ्या दिवशी पुढची पायरी करायला मी ती चिप वाचली. पावतीवर आकडा आला आठ.

"साहेब, मी दहा लिहिले होते."

साहेबांनी पावती डोळ्यांशी धरली. मग एक कागद आणि सुई घेतली. चिपवर लिहिणं म्हणजे सुईनं भोकं पाडणं. नवं भोक पाडता येतं, पडलेलं बुजवता येत नाही. त्यासाठीच ती पुसावी लागते. बाराची भोकं वेगळ्या जागी, दहाची वेगळ्या जागी. बाराच्या कागदावर दहाची भोकं पाडली की दोन्ही मिळून जो नमुना उरतो, तो आठचा. त्यांनी पाडून दाखवला.

"चिप पुसलीच नव्हती, शैलाबाई. बाकीचा खेळ तोच होता, म्हणून चालला. ऊन नव्हतं का?"

ऊन भरपूर होतं. मी घरी जाऊन आईला विचारलं.

"ताटलीतच होती," आई म्हणाली. "पण आंधी सुटली, सारी धूळ. वरून कावळा टपून राहिला होता. म्हणून मी काचेच्या बरणीत टाकली, लिंबाच्या लोणच्याच्या बाजूले. ऊन तर लागूनच राहिलं होतं तिले!"

लोणच्याला लागलं होतं. चिपला लागणारे किरण साध्या काचेतून पुरेसे येत नाहीत.

म्हणजे सुमनताई माझ्या मधल्या पायरीवर कधी चढल्याच नव्हत्या. त्या मूळ खेळ जिंकल्या होत्या. धडधाकट माणसांसाठी त्या अनोळखी माणसानं ठेवलेला वेग, तोच. मी धावत शेजारी गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, खूश होतील.

त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे तू मले दहाच देणार होती?"

"हो."

"काहून वं? तुले वाटलं, माह्याच्यानं होणार नाही?"

मी आत जाऊन चहा टाकला.

मेडिकल बोर्डानं त्यांना पास केलं. कारखान्यात मी नियम केला की लिहिलेली चिप परत वाचल्याशिवाय बाहेर जाणार नाही. साहेबांनी त्याखाली लिहिलं की चिप आणि लोणचं एका गच्चीवर ठेवू नये. पावसाळा लागला, तरी दिवा आला नव्हता. साहेबांनी पुण्याला ट्रंक कॉल बुक केला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. बराच वेळ खरखर झाली, मग खट्‌कन पिन बसल्याचा आवाज आला.

"पुणे लाइनवर आहे, बोला," एक करडा सरकारी आवाज म्हणाला. आणि मग हळूच, "तीन मिनिटं आहेत, शैला. भराभर बोलजो."

मी भराभर बोलले.