हळदीच्या ड्रमाची वाफ

अर्धापूरकडे आमची हळद असते. काढणी झाली की शेतातच शिजवतात. पाण्याच्या टाकीखाली जाळ लावायचा आणि तिची वाफ नळीने हळद भरलेल्या दोन ड्रमांत सोडायची. एका ड्रमातली शिजली की त्याचा कॉक बंद करून झाकण उघडायचं. शिजली की नाही ते मी सांगायची. हळकुंडात काडी टोचली की माझ्या हाताला कळायचं. चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी बाई मी, पण ड्रमापाशी सासरेही मला विचारायचे, "झाली का गं?" माझं म्हणावं असं माझ्याजवळ तेवढंच होतं.

कॉकवर थोरली जाऊ असायची. मी तिला अक्का म्हणते. नवी नवरी होते तेव्हा माझी वेणी तीच घालायची.

त्या दिवशी ती म्हणाली, "बंद केलाय, उघड तू." जाळाच्या धुरात वाफ वेगळी दिसत नव्हती. मी झाकण उचललं आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मग अक्का धावली आणि तिने कॉक फिरवला. आधी तिने दुसऱ्याच ड्रमाचा बंद केला होता.

सासऱ्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "म्या न्हाई म्हणलं उघड. हिलाच लई घाई."

घाबरली असेल, नंतर सांगेल, असं वाटून मी गप्प राहिले. पंधरा दिवस तिने मला भाकर कुस्करून भरवली, हाताला कोरफड लावली. कुणी बघायला आलं की म्हणायची, "घाई लई हिला, बाई." तेव्हा तिने दिलेला घास माझ्या तोंडात असायचा.

पुढच्या साली सासरे म्हणाले, "तू घरीच भाकरी बघ." काडी अक्काकडे गेली.

आता माझी मुलगी दहावीला आहे. परवा ती मोठ्याने वाचत होती. उकळतं पाणी आणि त्याची वाफ सारखीच गरम असते. पण अंगाला लागून वाफेचं पाणी होताना तिच्यात लपलेली उष्णताही बाहेर पडते, म्हणून वाफ जास्त भाजते. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. मग लसूण सोलत बसलेल्या अक्काला विचारलं, "मोठी आई, तू होतीस ना तिथं? कॉक चालू कसा राहिला?"

"इतकी वर्षं झाली. कुणाला आठवतंय," अक्का म्हणाली. लेकरासमोर तरी खरं सांगेल असं वाटलं होतं मला.

संध्याकाळी ती चुलीपाशी आली. "मला काडीचं कळत न्हाई गं नीट. गेल्या साली निम्मी कच्ची राहिली. उद्या तू चल."

"आधी मामंजींना खरं सांग, अक्का."

ती उठून गेली. सकाळी ती शेतावर निघाली तेव्हा मी भाकरीचं फडकं तिच्या हातात दिलं. तिने घेतलं. दुसऱ्या हातात काडी होती.