पाय मोकळे करून येतो

बाबांनी मला निरोप दिला तो काकांच्या तोंडून. दमणी, आमची हलकी बैलगाडी, अंगणात जुंपून उभी होती, पत्र्याची ट्रंक तिच्यात चढली होती, आणि आईनं बांधून दिलेल्या दशम्या अन् जवसाची चटणी माझ्या मांडीवर होती. बाबा चाकाशी उभे होते. मी हात लांब केला असता तर त्यांच्या टोपीला लागला असता. तिथून ते काकांना म्हणाले, "वामन, तिले सांग, पोहोचली का कार्ड टाकजो म्हणा."

दूरच्या गावाहून सांगावा आणल्यासारखे काका माझ्याकडं वळले. "ऐकलं काय वो बाई? कार्ड टाकजो."

"टाकते म्हणावं."

"टाकते म्हणते, भाऊ."

बाबांनी मान हलवली आणि बैलाच्या वशिंडावरची माशी हाकलली. त्याच वर्षी, १९५६ साली, आमचा सगळा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला आणि त्याला जागचं हलावंही लागलं नाही. मला मात्र बोरीहून दमणीनं दारव्हा, तिथून छोट्या रेल्वेगाडीनं मूर्तिजापूर आणि पुढं रात्रभर मुंबई, असं जावं लागलं. वाटभर मी चिडलेली होते. नागपूरला बी.ए. झालेली लेक परमुलखात निघाली आहे, आणि बापाला तिच्याशी एक वाक्य सरळ बोलता येऊ नये?

बाबा गेले, त्यांचं सगळं आटोपून मी परत आले, आणि आता मुंबईच्या खोलीत बसून हे लिहिते आहे. लिहिणं पुढं सरकत नाही, पण लिहायला हवं. बोरीत राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखी नागपूर-भिलाईकडं पांगलेली जी भावंडं आहेत त्यांच्यासाठी. तुम्ही सगळे बाबांना ओळखता. पण त्या एका उन्हाळ्याबद्दल तुम्हाला जे माहीत आहे ते खोटं आहे. लेकीनं बापाला घराबाहेर काढलं, असं अजूनही बोललं जातं. बाबांनी ते कधी खोडलं नाही, म्हणून मीही गप्प राहिले. आता ते नाहीत.

आमच्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको, पण पुढची पोरं वाचतील म्हणून सांगते. बापानं आपल्या वडिलांसमोर आपल्या लेकराला जवळ घ्यायचं नाही. उचलायचं नाही, नावानं हाक मारायची नाही. लेकरू रडलं तर दुसरीकडं बघायचं, भावानं त्याला उचलायचं. मला उचललं ते काकांनी. माझे आजोबा मी शाळेत असेपर्यंत ओसरीत बसून होते, आणि ते गेले तोवर बाबांची सवय पक्की झाली होती. मग समोर आजोबा नसतानाही बाबा आमच्याशी कुणाच्या तरी मार्फतच बोलायचे. आई नसली तर काका, काका नसले तर गडी. एकदा तर कुणीच नव्हतं म्हणून त्यांनी गाईकडं बघून मला सांगितलं होतं की दिवा लागायची वेळ झाली.

मुंबईत मी नेमकी उलटी विद्या शिकले. एका इस्पितळाच्या मागं मुलांसाठी दोन खोल्या होत्या. हट्टी मुलं, अंथरूण ओलं करणारी, शाळेत न जाणारी, न बोलणारी. आमच्या सरांचं म्हणणं असं की मुलाला एकट्याला औषध देऊन भागत नाही, आई-बाप आणि मूल यांना एकत्र बसवलं पाहिजे. म्हणून एका खोलीत चटई, लाकडी ठोकळे, रेतीची पेटी, बाहुल्या. आई किंवा बापानं मुलासोबत खाली बसायचं आणि मूल खेळेल तसं खेळायचं. शिकवायचं नाही, विचारायचं नाही, टोकायचं नाही. आणि मी बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसून टिपणं घ्यायची.

हे काम सोपं वाटेल. कुणालाही जमत नाही. बाप पाटलोणीची इस्त्री सांभाळत बसे आणि पहिल्याच मिनिटाला म्हणे, "हं, बाईंना कविता म्हणून दाखव." आया ठोकळे मोजायला लावत. एका वकिलानं तर चार वर्षांच्या पोरीची उलटतपासणी घेतली. मी पडद्याआड दातओठ खायची. पण जे कसेबसे टिकत, त्यांची मुलं खरंच बदलत. ते मी पाहिलं होतं, एकदा नाही, अनेकदा. म्हणून माझा त्यावर विश्वास होता.

अशात दादाचं, माझ्या भावाचं, कार्ड आलं. त्याचा थोरला बंडू शाळेत घातल्यापासून एक शब्द बोलत नव्हता. घरातही वहिनीच्या कानात कुजबुजायचा, तेवढंच. मास्तरांनी हात टेकले होते. पुढच्या ओळीत लिहिलं होतं, उन्हाळा सरला की त्याला नागपूरला मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत ठेवायचं, बाबांनी ठरवलं आहे.

बंडू बहिरा नव्हता. अंगणापलीकडून गुळाच्या डब्याचं झाकण त्याला ऐकू यायचं. त्याला घरापासून तोडलं असतं तर तो खरंच मुका झाला असता. मी रजा काढली, ठोकळ्यांची पिशवी घेतली आणि बोरीला आले.

पिशवी उघडली तेव्हा वहिनी पदर तोंडाला लावून हसली. काका म्हणाले, "काय वो बाई, एवढी बुकं शिकून शेवटी भातुकलीच?"

"भातुकली नाही काका, उपचार आहे."

"मंग आमची म्हातारी मोठी डाक्टरीण होती म्हणायची. दिवसभर भातुकलीच खेळे पोट्ट्याइसंगं."

पहिल्या संध्याकाळी मी दादाला ओसरीत बसवलं. बंडूला त्याच्या मांडीवर दिलं, ठोकळे समोर टाकले आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. बंडूनं एक ठोकळा उचलला. तेवढ्यात अंगणात बाबांचा खोकला ऐकू आला आणि दादा ताडकन उठला. बंडू मांडीवरून ठोकळ्यांत पडला. रडलाही नाही.

"दादा, काहून उठला तू?"

"बाबा आले ना."

"मंग?"

"मंग काय? त्याइच्यासमोर पोराले घेऊन बसू? मले लाज नाही का?"

पोरगं नागपूरला जाऊन पडलं तर चालेल, पण बापासमोर मांडीवर नको. परसात बसवलं तर बाबा परसात हात धुवायला यायचे. माजघरात बसवलं तर मधल्या दारातून ओसरी दिसायची, आणि दादाचे कान तिकडंच. खोकला आला की पोरगं खाली.

मी आईकडं तक्रार केली. आईनं पिठाच्या हातांनीच दारात उभं राहून ती बाबांना सांगितली. बाबा ओसरीतून म्हणाले, "तिले म्हणा, खेळवून पोट्टं बोलत असतं तं बैल बी बोलले असते."

"आई, त्यांना सांग, बैलांना मांडीवर कुणी घेत नाही."

आई म्हणाली, "मी नाही सांगत बाई असलं काही."

सांगायची गरज नव्हती, बाबांना ऐकू गेलं होतं. मला म्हणायचं होतं ते एवढंच की संध्याकाळी थोडा वेळ बाबांनी ओसरीत बसू नये. हे आईला सांगितलं तर ती माझ्याकडं बघतच राहिली. "घरधन्याले ओसरीतून ऊठ म्हणू? तूच म्हण."

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं. ओसरीत गेले आणि कुणाला मध्ये न घेता म्हणाले, "बाबा, दिवेलागणीच्या वेळी तुम्ही घरात नका राहू. दादा तुमच्यासमोर पोराला घेत नाही. आणि त्यानं घेतल्याशिवाय पोरगं बोलणार नाही."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, आता गाय शोधतात. पण त्यांनी काठी घेतली, टोपी घातली. आत तोंड करून म्हणाले, "पाय मोकळे करून येतो," आणि गेले.

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला ते जात. बाजाराच्या ओट्यावर जाऊन बसत. बाजाराचा दिवस सोडला तर त्या ओट्यांवर कुत्र्याखेरीज कुणी नसतं, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, सांज झाली तरी दगड तापलेला असतो. जाणारे-येणारे विचारत, "काहून भाऊ, घरी कोणी नाही का?" बाबा म्हणत, "पाय मोकळे करून राह्यलो." बसलेला माणूस पाय मोकळे करून राह्यला! लोक हसत, आणि पुढं जाऊन म्हणत, मुंबईची लेक आली तशी म्हाताऱ्याला घर उरलं नाही.

काका माझ्याशी बोलेनासे झाले. एकदा मात्र न राहवून म्हणाले, "तुह्या विद्येनं माह्या भावाले ओट्यावर बसवलं."

मी बाबांना म्हटलं, लोकांना खरं कारण सांगा ना. ते आईला म्हणाले, "तिले म्हणा, आपलं काम कर."

इकडं दादा. मोकळ्या ओसरीतही पहिले काही दिवस त्याचं लक्ष दाराकडं. मग लागला शिकवायला. बंडू ठोकळ्यांची बैलगाडी करी आणि दादा म्हणे, "असं नाही रे, जू इकडून." मी आतून खाकरायची. दादा चिडायचा, "मंग मी काय करू, नुसता बसू?" हो, नुसता बस! मुंबईच्या वकिलात आणि बोरीच्या शेतकऱ्यात काडीचा फरक नव्हता.

शेवटी तो कंटाळून नुसता बसायला शिकला. आणि एका संध्याकाळी, काहीतरी करायचं म्हणून त्यानं एका ठोकळ्यावर कोळशानं डोळे आणि शेपूट काढलं आणि तो बैल म्हणून गाडीला जुंपला. डोकं गाडीकडं, शेपूट रस्त्याकडं. बंडूनं पाहिलं. मग दादाला मोठ्यानं, अगदी स्पष्ट म्हणाला, "बाबा, बैल उलटा हाय."

दादानं पोराकडं पाहायचं सोडून माझ्याकडं पाहिलं. मी दोन्ही हातांनी खूण केली, माझ्याकडं नको, तिकडं बघ. त्याला रडू आलं होतं. तो म्हणाला, "मंग सुलटा कर तू." आणि बंडू बोलत सुटला. बैलाचं नाव, बैलाला काय लागतं, मास्तर कसे वाईट आहेत, सगळं.

त्यात बाबा परत आले. खोकला झाला आणि दादानं पोराला खाली ठेवलं. ठेवलंच! पण बंडू खालून बोलत राहिला. बाबा ओसरीच्या पायरीशी थांबले. बंडूचं वाक्य पुरं होईपर्यंत ते वर आले नाहीत. मग आत तोंड करून आईला म्हणाले, "नागपूरचं राहू द्या."

मुंबईला परत येऊन मी हे सगळं सरांना सांगितलं. बापाची माया किती हे पाहायला आमच्याकडं प्रश्न ठरलेले होते. मुलाला जवळ घेतो का, हाक मारतो का, कौतुक करतो का. सर म्हणाले, "तुमच्याकडचे बाप जरा कोरडेच दिसतात." मी म्हटलं, माझे वडील रोज तापल्या दगडावर जाऊन बसत. ते म्हणाले, "हो, पण ते कशात धरायचं?" पुढं प्रबंध झाला, पदवी मिळाली, मीही इतरांना तेच प्रश्न विचारायला शिकवते. गावाला वाटतं मी पोरं खेळवते. शहराला वाटतं आमच्याकडं माया नाही. दोघांना समजावता समजावता माझी वर्षं गेली.

बाबा गेल्याची तार आली तेव्हा मी निघाले, पण पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. बंडू आता असा बडबड्या झाला आहे की भेटायला आलेली माणसं विचारत, "याले चूप करायचं काही औषध आणलं का वो बाई?" बाबांच्या जागेवर कुणी बसत नव्हतं. शेजारी काका बसत. घरातले मोठे आता तेच.

तेराव्याच्या आदल्या संध्याकाळी दादाची धाकटी पोरगी रडायला लागली. वहिनी चुलीशी होती. मी उठणार, तेवढ्यात पाहिलं, दादा पोरीकडं बघत होता आणि काकांकडं बघत नव्हता. हात मांडीवर तसेच.

काकांनी काठी घेतली. माझ्याशी नजर न मिळवता, आत तोंड करून म्हणाले, "पाय मोकळे करून येतो."

ते फाटकाबाहेर गेले आणि दादानं पोरीला उचललं.

बाबा त्यांना काही बोलले होते, की त्यांचं त्यांनाच उमगलं, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी आईला सांगितलं असतं, तिले म्हणा आपलं काम कर. मी खांबाला टेकून बसून राहिले आणि मला एकदम राग आला. बाबांचा नाही, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाबांचा नाही. माझ्या लहानपणी आजोबा ह्याच ओसरीत बसायचे, सकाळपासून रात्रीपर्यंत. ते एकदाही उठले नाहीत. एका संध्याकाळीसुद्धा नाही.

इथं लोक मला विचारतात, घरी कधी जाणार. घर म्हणजे मला आता ती ओसरी दिसते, आणि तिच्यातून काठी घेऊन उठणारा माणूस. आमच्याकडं माया करणारी माणसं उठून बाहेर जातात. मी तर सगळ्यांच्या आधी उठले, ट्रंक घेऊन, थेट मुंबईला. माझ्या जाण्यानं कुणासाठी जागा झाली, ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही.