डायरेक्टरीण आणि तिचा फोन

डायरेक्टरीण फोन कायम पालथा ठेवायची. उताणा ठेवला तर मागच्या भिंगाला ओरखडा जाईल, ही तिची धास्ती. पनवेलला माझ्या मागच्या खोलीत ती भाड्याने राहायची आणि त्या फोनवरच फिल्मा करायची. हौस नव्हे, पोटाचा धंदा. मी एकदा विचारलं, "मोठा कॅमेरा का नाय घेत गं?" तर म्हणाली, "मावशी, कॅमेरा बघितला की तुम्ही पुतळा होता. फोनसमोर शिव्यासुद्धा देता."

एका फिल्ममध्ये तिने मलाच उभं केलं. मुलाची वाट बघणारी म्हातारी. मी आधीच सांगितलं, मला रडता येत नाय. "रडू नका, नुसत्या उभ्या राहा," ती म्हणाली.

काम पनवेलजवळ आपटा गावी, नदीवर ठरलं आणि त्याच आठवड्यात गावी तिचे वडील दवाखान्यात गेले. मग पालथा फोन ती घासागणिक उलटून बघू लागली.

"जा ना गावाला. नदी कुठं पळते काय?"

"अण्णाच नको म्हणतात. काम संपवून ये म्हणतात."

शूटिंग चालू असताना फोन आला की शूटिंग तुटतं. म्हणून तिने आपलं सिम काढून माझ्या बटणांच्या फोनात घातलं. "वाजला तर लगेच थांबा, मावशी. शॉट गेला तर जाऊ दे." मी तो कमरेला खोचला. तिवईवर तिचा फोन, मागे पाणी, मधे मी. कसली मुलाची वाट! माझा सगळा जीव कमरेपाशी. तीही चित्र बघायचं सोडून तिथेच बघत होती.

आणि तो थरथरला. मी उपसून काढला, पण बटण दाबायचा धीर होईना. तीच धावत आली. भाऊ होता. तिने ऐकलं आणि तशीच चिखलात बसली.

"गेले."

मी तिला उठवलं, पनवेलला आणून एसटीत बसवलं. दुसरं काय करणार होते?

तिवईवरचा फोन तेव्हा चालूच होता. फिल्ममध्ये तिने तेच ठेवलं, ती धावत येते तिथपर्यंत. लोक म्हणतात, मावशीने काम काय केलंय!

खोली सोडून तिला बरीच वर्षं झाली. काम अजून फोनवरच करते, पण आता दुसरा फोन घेतलाय, फक्त घरचा. मागे आली तेव्हा मी विचारलं, "शूटिंगमध्ये वाजला तर?"

"घेते. आई असते. जेवलीस का विचारते, बस्स. नट तोवर उभे राहतात."