थावरूचा बिनदारूचा नाच

औंढ्याजवळच्या तांड्यावर थावरू राठोड नाचायला उठायचा तो पिऊनच. घरामागं त्याची स्वतःची मोहाच्या दारूची भट्टी होती. सत्त्याण्णव साली तो प्रार्थनेला जाऊ लागला, तेव्हा पाळकांनी त्याला सांगितलं, "येशूच्या मागं यायचं तर नुसतं पिणं न्हाई, गाळणंही सोड." थावरूनं दुसऱ्याच दिवशी भट्टी फोडून टाकली.

पुढं पुतण्याच्या लग्नात डफडं वाजलं आणि त्याला धडकी भरली. न पिता आपले पाय उचलतील का? 'प्रभू, सांभाळ' म्हणत त्यानं एक गिरकी घेतली, मग दुसरी. पाय असे काही सुटले की डोक्याचा पटका उडाला, आणि थावरू लहान लेकरासारखा खदाखदा हसू लागला.

"पुन्हा प्याला वाटतं!" बायका कुजबुजल्या.

त्याची बायको झमकीबाई तरातरा आली आणि तिनं भर मांडवात त्याचं तोंड हुंगलं.

"काय गं, वास येऊन राहिला का?" त्यानं विचारलं.

"व्हय, येऊन राहिला. बुंदीचा!"

सारा मांडव हसला. थावरूनं तिचा हात धरला. "मंग आता तू बी नाच!"

झमकीबाई लाजली, पदर खोचला, आणि नवरदेवाच्याही पुढं नाचत सुटली.